दोन दारांची खोली

नळापासून खोलीपर्यंतची वाट चढाची आहे, पण फारशी नाही. भोंगा भरलेली बादली घेऊन निघाला आणि अर्ध्यावर, विजेच्या खांबाशी, थांबला. बादली खाली ठेवली. एक हात खांबाला टेकवून तो वर तारेकडे बघत राहिला.

त्याची बायको दारात भांडी घासत होती. तिला सगळे थोरली म्हणत. घरातली थोरली सून म्हणून. धाकटा दीर आणि त्याची बायको केव्हाच गाव सोडून गेले होते, तरी ही थोरलीच राहिली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. पाखरू बघतोय."

तारेवर पाखरू नव्हतं. थोरलीने मान खाली घातली आणि मघाशी घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. त्याला बादली उचलायला वेळ लागणार होता, आणि तो वेळ कुणी बघू नये असं त्याला वाटत असणार, एवढं तिला कळत होतं.

खाणीत सुरुंग उडवण्याआधी ओरडून इशारा द्यायचं काम पूर्वी त्याच्याकडे होतं, तेव्हापासून तो भोंगा. पलीकडच्या टेकाडावरचे गुराखीसुद्धा त्याची हाक ऐकून गुरं मागे वळवायचे. पुढे मालकाने विजेवरचा भोंगा बसवला आणि याला दगड दळायच्या गिरणीत टाकलं. आता बोलताना तो वाक्याच्या मधेच, जिथे कुणी थांबत नाही अशा जागी, थांबायचा.

गिरणीत पांढरा दगड दळतात. त्याची पूड काचेला लागते, रंगाला लागते. पाळी सुटली की माणसं एकसारखी पांढरी होऊन बाहेर येतात आणि बापलेक ओळखू येत नाहीत. जाड कण भुवयांवर आणि पापण्यांवर बसतात; ते दिसतात आणि धुतले की जातात. बारीक कण बसतच नाहीत. सकाळी छपराच्या फटीतून उन्हाचा पट्टा आत येतो तेव्हा ते त्यात हलताना दिसतात. ऊन सरकलं की दिसत नाहीत, पण असतात.

खाण आहे तिथे पूर्वी यांचं शेत होतं. सासू ते हसत सांगायची. तिला आता उजेड-अंधार सोडून काही दिसत नव्हतं, पण तोंड शाबूत होतं. "भाऊबंदांशी बांधावरून भांडायचो. आता बांधच नाही, नुसता खड्डा. भांडण मिटलं." राहती खोली गिरणीची होती. गिरणीत घरातलं कुणी कामाला असेल तोवर खोली. नाही तर रिकामी करायची.

उन्हाळा सरत आला होता. दुपारभर कोरडा वारा सुटायचा आणि खोल्यांच्या रांगेतली सगळी दारं एकामागून एक आपटायची. अशाच एका दुपारी मुकादम रांगेतून सांगत गेला.

"परवा तपासणी. सगळ्यांनी यायचं. अंघोळ करून या, गेल्या खेपेला डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला होता."

कुणी तरी आतून म्हणालं, "तुझ्यामुळेच लावला असेल."

"हसा. या वर्षी कडक आहे. नवं यंत्र आलंय, बंद पेटीतलं. एका बाजूने दगड, दुसऱ्या बाजूने पूड. माणसं कमी लागतात."

थोरलीने दारातून विचारलं, "मग कमी कोण करणार?"

"मी कोण ठरवणारा, वहिनी? डॉक्टर ठरवणार. ज्याची छाती नाही म्हणेल, तो घरी." तो पुढे निघाला आणि वळला. "जागेला जागा आहेच की. पोती भरायला माणूस लागणारच. बाईमाणूस चालतं."

जागेला जागा म्हणजे आजारपणामुळे ज्याचं काम सुटलं, त्याच्या घरातल्या कुणी तरी गिरणीत यायचं. मग खोली राहते. पोती भरायची जागा गिरणीतली सगळ्यात वाईट. पुडीच्या तोंडाशीच उभं राहायचं.

सासू आतून म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण. गेलंच नाही तपासणीला तर?"

"तरी घरीच, आजी. चालत गेला तर निदान फिट व्हायची आशा."

डॉक्टरांची खोली गिरणीच्या कुंपणभिंतीतच बांधलेली होती. तिला दोन दारं. एक आत आवारात उघडायचं, एक रस्त्यावर. सकाळी आवाराचं दार उघडं, रस्त्याचं आतून कडी लावून बंद. तेव्हा डॉक्टर गिरणीचे. कुणाचं बोट चेपलं, कुणाच्या डोळ्यात दगडाची चीप गेली, कोण कामाला लायक आणि कोण नाही, ते सकाळी. संध्याकाळी ते आवाराचं दार लावून घेत, खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवत, रस्त्याचं दार उघडत, आणि मग ते सगळ्यांचे. खोली मालकाची, पंखा मालकाचा. संध्याकाळची फी तेवढी डॉक्टरांची.

कुणी आणि केव्हा ठरवलं माहीत नाही, पण एक रीत पडून गेली होती: रस्त्याच्या दाराने सांगितलेलं आवाराच्या दाराने जायचं नाही. हमालाची पाठ, गरोदर बाईचे सुरुवातीचे महिने, कुणाचा पिऊन थरथरणारा हात, सगळं संध्याकाळी सांगायचं. सकाळी तोच माणूस समोर आला की डॉक्टर त्याला पहिल्यांदाच बघितल्यासारखं विचारत, "काही त्रास?" आणि तो म्हणे, "नाही." डॉक्टरांनी ही रीत कधी मोडली नव्हती. लोकांना त्याचं कौतुक होतं. पोटात ठेवणारा माणूस आहे, म्हणत.

भोंगाही वर्षभर खोकला घेऊन संध्याकाळी जात होता. डॉक्टर नळी लावायचे, पाठीवर बोटं वाजवायचे, बाटली द्यायचे आणि म्हणायचे, धुळीला जपा.

तपासणीची पद्धत सगळ्यांना पाठ होती. भरलेलं पोतं घेऊन तिरपी लावलेली फळी चढायची, पोतं वर टाकायचं, खाली यायचं आणि एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायचे. पंचवीसच्या पुढे गेला की फिट.

त्या रात्री थोरलीने भांड्यात पाणी उकळून ठेवलं होतं. भोंगा त्यावर डोकं धरून, वरून टॉवेल घेऊन बसला होता. टॉवेल वर-खाली होत होता. वाफ घेऊन झाल्यावर तो ताठ बसला आणि आकडे म्हणायला लागला. बारापाशी आवाज बारीक झाला, सोळाला नुसते ओठ हलले.

"सावकाश म्हणा," थोरली म्हणाली.

"सावकाश म्हटलं की... आधीच संपतो."

"मग भरभर म्हणा."

"भरभर म्हटलं की डॉक्टर हसतो. त्याला कळतं."

सासू म्हणाली, "शाळेत असताना पाढे म्हण म्हण म्हणून घसा कोरडा केला मी. तेव्हा म्हणाला नाहीस. आता बस."

भोंगा हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला संपेपर्यंत दोघी त्याच्याकडे न बघता बसून राहिल्या. नंतर थोरलीने पाणी ओतून टाकलं, आणि तिथेच दाराबाहेर उभी राहून ठरवलं की विचारायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सासूचा हात धरून रस्त्याच्या दाराने गेली. बाकावर दोघं-तिघं होते. नंबर आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता आणि डॉक्टर साबणाने हात धूत होते. मध्यम वयाचा माणूस, डोळ्यांखाली काळं, सदऱ्याची कॉलर मात्र स्वच्छ.

"आज काय, आजी?"

"गुडघा," सासू म्हणाली. वयामुळे ती डॉक्टरांनाही अरे-तुरेच करायची. "पण गुडघ्याचं नुसतं नाव आहे. ही बोलणार आहे. तू तिचं ऐक, मी बसते."

थोरली टेबलाच्या कडेला उभी राहिली. "यांची छाती कशी आहे?"

"त्यांना घेऊन या. बघतो."

"वर्षभर पाठवतेय. तुम्ही बघताय. बाटली देताय. मला वाटलं, बाटली देतात म्हणजे खोकलाच आहे. दुसरं काही असतं तर डॉक्टर बोलले असते."

डॉक्टरांनी नळी उचलली, पुसली, परत ठेवली. "गेल्या वर्षी ती गाडी आली होती. छातीचे फोटो काढणारी."

"हो. सगळ्यांचे काढले."

"त्यात दिसलं होतं."

पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरची एक पुडी सरकत कडेला आली. डॉक्टरांनी ती मागे सारली.

"काय दिसलं होतं?"

"दगडाची पूड आत बसलीये. ती निघत नाही. तिच्याभोवती फुफ्फुस घट्ट होत जातं, जखमेवर वण धरतो ना, तसं. मग ते फुगत नाही. त्याला औषध नाही."

"काहीच नाही?"

"धुळीतून बाहेर काढलं तर वेग कमी होतो. एवढंच."

"गेल्या वर्षी बाहेर काढलं असतं तर?"

"तर आज बरे चालत असते. कदाचित. नक्की सांगता येत नाही."

"आणि तुम्ही फिट म्हणालात."

"गेल्या वर्षी मागणी फार होती, बाई. दोन पाळ्या चालू होत्या. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, उभा राहतो तो फिट."

"ते सकाळचं," थोरली म्हणाली. "संध्याकाळी का नाही सांगितलंत? याच बाकावर बसत होते ते."

डॉक्टरांचं उत्तर आधीच कधी तरी जुळवून ठेवल्यासारखं आलं. "तुमचीच रीत आहे ना? संध्याकाळचं सकाळी न्यायचं नाही. मी कधी नेलं नाही. मग सकाळचं संध्याकाळी कसं आणू? ते फोटो गिरणीचे. त्यात दिसेल ते गिरणीला सांगायचं, असं माझं त्यांच्याशी ठरलंय."

रीत आपल्या सोयीची आहे असं सगळेच धरून चालले होते. ती उलट्या बाजूनेही चालते हे बाकावर बसणाऱ्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सासू बसल्या जागेवरून म्हणाली, "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. वाजव बाबा. पण फी तर आमच्याकडूनही घेतोस की रे."

थोरलीला खोकला आला. तिने फडकं तोंडाशी धरलं. डॉक्टरांनी मान वर केली.

"तुम्हालाही आहे का?"

"अधूनमधून. लग्नाआधी पोती भरायची मी. सोडलं त्याला जमाना झाला."

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि पाठीला नळी लावली. डाव्या बाजूला, खांद्याच्या हाडाखाली, नळी बराच वेळ एकाच जागी राहिली. "इथे शिट्टी आहे. बारीक आहे. तुम्ही मात्र त्या धुळीत पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"म्हणजे मला लगेच सांगताय."

"तुम्ही विचारलंत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गुडघ्यासाठी मलम दिलं आणि फी घेतली नाही. सासूने वाटेत ते मलम नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाली, "आजचं फुकट आहे, म्हणजे बिनकामाचं असणार."

खोलीत भोंगा चप्पल शिवत बसला होता. सासू आडवी झाल्यावर थोरलीने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, वणाचं, फोटोचं. तो सुई न थांबवता ऐकत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? छाती माझीच आहे ना."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने दोरा दाताने तोडला. "बोललो असतो तर तू गेल्या वर्षीच... तिकडे गेली असतीस. पोती भरायला."

त्याला आतल्या आत हे कधीपासून माहीत असेल, आणि खांबाशी थांबून पाखरं बघायला त्याने केव्हापासून सुरुवात केली असेल, याचा ती हिशोब लावू लागली आणि मग तिने तो सोडून दिला.

"उद्या जाऊ नका," ती म्हणाली.

"उद्या मी फिट होणार. नवं यंत्र पेटीबंद आहे म्हणतात. धूळच नाही. एक वर्ष ढकलू."

"तुम्हाला चढ चढवत नाही."

"बादली घेऊन चढवत नाही ते वेगळं. लोकांसमोर चढतो माणूस." त्याने चप्पल पालथी करून बघितली. "तू त्या धुळीत जायचं नाहीस. मला एवढंच कळतं."

तिच्याही मनात तेच शब्द होते, फक्त उलट्या माणसासाठी. दोघंही खरंच बोलत होते, म्हणून भांडण पुढे गेलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळीच वारा सुटला. आवारात फळी लावली होती, खाली पोती रचली होती. पुरुष सदरे काढून रांगेत उभे होते. मानेपर्यंत आणि मनगटापर्यंत रापलेले, मधलं अंग फिकट, घातलेल्या बनियनसारखं. बायका कुंपणाबाहेर जाळीला धरून उभ्या होत्या. डॉक्टर आवाराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि मुकादम त्यांच्या खांद्याशी उभा होता. डॉक्टर म्हणायचे ते तो मोठ्याने ओरडून सांगायचा. फिट गिरणीच्या बाजूला, बाकीचे भिंतीशी.

"ए भोंगा, आज वाजणार का?" रांगेतून कुणी तरी म्हणालं.

"वाजवतो की. कान सांभाळ."

त्याने पोतं पाठीवर घेतलं. पहिली पावलं बरी पडली. जाळीशी थोरली बोटं अडकवून उभी होती आणि त्याच्या बरगड्यांकडे बघत होती. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे, प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. फळीच्या मध्यावर तो थांबला. पोतं खाली ठेवलं नाही, नुसता थांबला, जणू पाय कुठे ठेवावा याचा विचार करतोय. मग चढला. पोतं वर पडल्याचा आवाज झाला आणि कुणी तरी "शाब्बास" म्हणालं.

खाली येऊन तो डॉक्टरांसमोर उभा राहिला आणि आकडे म्हणायला लागला. ओठ निळसर पडले होते. नऊपर्यंत नीट. दहाला आवाज फाटला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"पहिल्यापासून नाही," मुकादम म्हणाला.

डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले, "बस झालं. अनफिट."

"अनफिट," मुकादम ओरडला.

भोंगा हलला नाही. श्वास परत येईपर्यंत त्याला उभंच राहावं लागलं, सगळे बघत असताना. आल्यावर तो म्हणाला, "गेल्या वर्षी हीच छाती होती, डॉक्टर."

"चल, भिंतीशी," मुकादम म्हणाला. "रांग अडतेय."

भिंतीशी माणसं वाढत गेली. कितीजण झाले ते कुणी मोजलं नाही, पण यंत्रामुळे जितके नकोसे झाले होते तितके झाले असावेत. कारण मुकादमाने वाकून डॉक्टरांच्या कानाशी काही सांगितलं, आणि त्यानंतर रांगेत उरलेल्यांना डॉक्टरांनी फळी चढायलाही लावलं नाही. एकेकाकडे बघून नुसतं फिट, फिट म्हणाले. त्यातले दोघं खोकत खोकत गिरणीच्या बाजूला गेले.

मग मुकादम जाळीशी आला. "जागेला जागा ज्यांना पाहिजे त्यांनी आत्ताच यायचं. उद्या पोती भरायला सुरुवात."

थोरली आत आली. भिंतीशी बसलेला भोंगा अर्धवट उठला. "तू घरी जा."

"घर कुठलं?" ती म्हणाली आणि थांबली नाही.

बायकांची तपासणी खोलीत होती. ती या दाराने पहिल्यांदाच आत आली. खोली तीच, पण समोर कडी लावलेलं रस्त्याचं दार बघून ती क्षणभर गोंधळली; कुठे उभं राहायचं ते कळेना. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली होती. मुकादम दारात पाठमोरा उभा होता.

"काही त्रास?" डॉक्टरांच्या तोंडून सवयीने गेलं.

"नाही."

त्यांनी नळी लावली. उजवीकडे एकदा, मग डावीकडे खांद्याच्या हाडाखाली. तिथे ती पुन्हा थांबली. थोरलीने श्वास अगदी उथळ घेतला.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मी नाही म्हणणार आहे."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे. कालच सांगितलं."

"काल मी सासूचा गुडघा दाखवायला आले होते."

"बाई, मला एकदा तरी नीट वागू द्या."

"वागा की. पण माझ्यापासूनच का सुरुवात?" तीही हळूच बोलत होती. "गेल्या वर्षी त्यांच्यापासून केली असतीत तर आज मी इथे नसते. तेव्हा त्यांना एखादं हलकं काम मिळालं असतं. माणसं लागत होती तेव्हा."

डॉक्टरांनी नळी कानातून काढली नव्हती. ती तशीच दोघांच्या मधे लोंबत होती.

"सासूला दिसत नाही. नवरा तुम्ही बघितलात. नाही म्हणालात तर खोली जाते. त्यांना कुठे नेऊन ठेवू ते सांगा, म्हणजे मी निघते."

डॉक्टर उठून दाराशी गेले. "मुकादम, हिला धूळ नाही असं कुठे तरी देता येईल का? फाटकावर, नाही तर झाडायला?"

"झाडणं म्हणजे काय झाडणार, डॉक्टर? गुलाबपाणी? तीच पूड." मुकादम वळला. "आणि फाटकावर मालकांच्या सासरचा माणूस आहे. उगाच नवीन प्रश्न काढू नका. हो की नाही तेवढं सांगा, बाहेर ऊन आहे."

डॉक्टर परत येऊन बसले. त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. थोरली त्यांच्याकडे बघत होती. तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण आत्ता तिला फक्त त्यांच्या तोंडून एक शब्द पाहिजे होता, आणि त्या शब्दासाठी कुणी इतका वेळ लावावा याचा थकवा आला होता.

"फिट," डॉक्टर म्हणाले.

"काय?" मुकादमाने विचारलं.

"फिट."

"असं तोंडातल्या तोंडात नको. बाहेरच्या बायका म्हणतील, मुकादमाने आपल्या मर्जीने घेतली. त्यांना ऐकू येऊ द्या."

डॉक्टर उठले, दारात उभे राहिले आणि बाहेर ऊन होतं तिकडे बघून मोठ्याने म्हणाले, "फिट."

पोती भरायचं काम हातांना आठवत होतं. नळकांड्याच्या तोंडाला पोतं अडकवायचं, झडप ओढायची, पूड पडायला लागली की तोंड वळवून श्वास धरायचा, गुडघ्याने दोनदा ठोसा द्यायचा म्हणजे पूड खाली बसते, झडप सोडायची, पोतं काढायचं, पुढचं अडकवायचं. श्वास धरायचा तेवढा धरता येत नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या पोत्यालाच कळलं. पूर्वी ती एका श्वासात पोतं भरायची. नवं यंत्र खरंच पेटीबंद होतं. पेटीतली सगळी पूड बाहेर पडायला एकच तोंड होतं, आणि त्या तोंडाशी बायका होत्या.

दिवस मावळायच्या आत ती परतली. नाकावर बांधलेलं फडकं बाहेरून पांढरं झालं होतं आणि आतून, नाकपुड्यांच्या जागी, दोन ओले करडे डाग पडले होते. भोंगा खोलीबाहेर ओला टॉवेल घेऊन उभा होता. बादलीत पाणी होतं. ते त्याने केव्हा आणि कितीदा थांबून आणलं हे तिने विचारलं नाही.

"आत अशी जाऊ नको," तो म्हणाला. "उभी राहा."

त्याने टॉवेल तिच्या डोक्यावरून फिरवला. पुडीचा लोट उठला आणि तो दुमडून खोकायला लागला.

"तुम्ही लांब व्हा. मी करते."

"पाठीवरचं... तुला पोचत नाही."

खोकला थांबायला वेळ लागला. शेजारची बाई दोरीवरचे कपडे न बोलता काढून आत घेऊन गेली. आतून सासूने विचारलं, "कोण आलं गं?"

"मीच आहे, आत्याबाई."

थोरलीने बोट ओलं करून वर धरलं आणि वारा कुठून येतोय ते बघितलं. "तुम्ही या बाजूला उभे राहा. म्हणजे माझ्यावरची तिकडे जाईल."

तो हळूहळू तिला वळसा घालून वाऱ्याच्या बाजूला आला. आता तो टॉवेल झटकत नव्हता. पिळून, वरून खाली, एकेक पट्टा पुसून काढत होता, भिंत पुसावी तसा. खांदे झाले. पाठीची एक बाजू झाली. प्रत्येक पट्ट्यानंतर तो थांबत होता आणि तो थांबला की ती हलायची नाही.

"झालं का?" तिने विचारलं.

"मानेचं राहिलंय," तो म्हणाला, आणि टॉवेल हातात धरून श्वास येईपर्यंत थांबला. तीही थांबली.